छत्रीच्या टोकानं

१

"माळ गेली! माह्या सुनेची माळ गेली!"

रुख्माबाई ओरडल्या आणि आमच्या साऱ्या डब्याच्या माना वळल्या. गोंदियाहून निघालेली आमची छोटी गाडी खारा स्टेशन सोडून किरनापूरकडे रखडत चालली होती. दोन्हीकडे कापलेल्या धानाची बांध्याबांध्यांची शेतं, मधूनच एखादं खळं. रुख्माबाईंच्या मांडीवर पितळेचा पानडबा उघडा पडला होता. पानं लुगड्यावर सांडली होती, आणि डब्याच्या तळाशी नुसतं लाल फडकं उरलं होतं. त्यात गुंडाळलेली पुतळ्यांची माळ नव्हती.

कोणी बाकाखाली वाकून पाहिलं नाही. कोणी "नीट बघा बाई" म्हटलं नाही. त्यांचा दीर दुलीचंद ताडकन उठला आणि त्यानं डब्याच्या पार दुसऱ्या टोकाला, दाराजवळ, बोट दाखवलं.

"कोन घेईल दुसरं? तेच पोरगी! पकडा तिले!"

दाराजवळ आपल्या पत्र्याच्या ट्रंकेवर पुष्पलता बसली होती. विशीतली पोर, पवनीकडची. नर्सचं शिक्षण संपवून पहिल्या नोकरीवर बैहरच्या दवाखान्यात निघाली होती. उद्या हजर व्हायचं होतं. तिच्या शेजारी मी बसले होते.

मला राग लवकर येतो, हे अख्ख्या बालाघाटाला ठाऊक आहे. नगरपालिकेत लोकांनी मला निवडून दिलं तेही याचसाठी, की ही जिजाबाई आपल्यावर ओरडण्यापेक्षा साहेबावर ओरडलेली बरी. मी सातवी शिकले आहे, म्हणून लिहिताना जरा पुस्तकी लिहिते. भांडताना आमच्याच बोलीत भांडते. बासष्ट सालच्या माघातला तो दिवस मात्र मी आजही रागाशिवाय सांगू शकत नाही. सांगायचाही नाही.

२

आता माळ गेली कशी, हे कळायला गोंदियापासून सांगायला हवं.

मी लेकीकडून परत येत होते. जावयानं घेतलेलं जरीकाठी लुगडं अंगावर होतं. डब्यात समोरासमोर दोन बाकं. एकावर रुख्माबाई, वारासिवनीकडच्या मोठ्या राइसमिलवाल्यांच्या घरच्या. त्यांच्या शेजारी त्यांची विधवा नणंद मैनाबाई, पांढऱ्या लुगड्यात, खिडकीशी अंग चोरून. समोर दुलीचंद, हातात काळी छत्री. खाली पायाशी त्यांचा म्हातारा गडी डोमाजी. वर खुंटीला फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या टांगलेला. मुलाचं लग्न ठरलं होतं, त्याची खरेदी करून मंडळी परत निघाली होती.

रुख्माबाईंनी माझं लुगडं पाहिलं आणि सरकून जागा दिली. वर विडा लावून दिला, स्वतःच्या हातानं. पानं उचलून खालचं फडकं सोडलं आणि माळ दाखवली.

"पाहा बाई, सासूबाईची माळ. सुनेच्या गळ्यात घालनार आहो."

सोन्याच्या पुतळ्या, एकाला एक लागून. मी म्हटलं, झकास आहे. दुलीचंद खिडकीबाहेर पाहत राहिला.

पुष्पलता आली ती गाडी हलता हलता. हाश्शहुश्श करत ट्रंक चढवली आणि मिळेल त्या जागी, माझ्या आणि रुख्माबाईंच्या मधे, पानडब्याला लागून बसली. या मुलखात ती पहिल्यांदाच येत होती. प्रत्येक स्टेशनाचं नाव वाचायची, मला विचारायची.

"मावशी, बैहरले खरंच वाघ असतात?"

"असतात. पन ते मानूस पाहून खातात, जात पाहून नाही. घाबरू नको."

रुख्माबाईंनी लगेच कान टवकारले. नाव, गाव, बापाचं नाव, वस्ती. चार प्रश्नांत त्यांना हवं ते कळलं. पोरीनं मान वर ठेवून सांगितलं, "आमी बौद्ध आहो."

तेवढ्यात गाडीनं गचका दिला आणि तिचा पदर उघड्या पुऱ्यांच्या टोपलीवर पडला.

काय सांगू! घरात साप निघावा तसे उठले सारे. दुलीचंदनं टोपली छत्रीच्या दांड्यात अडकवून उचलली आणि धावत्या गाडीतून, खिडकीबाहेर, पुऱ्यांसकट, भाजीसकट, लोणच्याच्या बरणीसकट फेकून दिली. लग्नघरच्या तुपातल्या पुऱ्या!

"पोरीचा पदर लागला तर पुऱ्या मेल्या काय हो?" मी ओरडले.

"तुम्हाले नाही समजायचं बाई," रुख्माबाई मला समजुतीनं म्हणाल्या, "तुम्ही शहरातल्या. आमच्याकडे आजून धरम आहे."

माझ्या तोंडात एक वाक्य आलं होतं. ते बाहेर पडलं असतं तर तिथंच रणकंदन झालं असतं. पण पुष्पलतेनं माझा पदर ओढला. "राहू द्या मावशी. मले उद्या हजर व्हायचं आहे. भांडन नको." मी ते वाक्य गिळलं आणि तिची ट्रंक उचलून तिच्यासोबत दाराशी जाऊन बसले. हे बिरसोला स्टेशन यायच्या आधीचं. तिथून पुढे ती जागची हलली नाही, याची साक्षीदार मी स्वतः.

गिळलेलं ते वाक्य मात्र घशातच अडकून राहिलं होतं.

३

आता दुलीचंद आमच्यापुढे उभा होता.

"उघड ट्रंक."

"मी काही घेतलं नाही," पुष्पलता म्हणाली.

"मी सोबत बसून आहो हिच्या," मी म्हटलं. "बिरसोल्याच्या आंधीपासून उठली नाही ते."

"त्याच्या आंधी बसली होती ना डब्याले लागून? तवाच घेतली." आणि त्यानं ट्रंकेच्या कडीत छत्रीचं टोक घालून झाकण उडवलं.

पाहा बरं, हात लावला नाही त्यानं. चोरी शोधायची होती, पण विटाळ नको होता. छत्रीच्या टोकानं एकेक कपडा उचलायचा आणि फरशीवर टाकायचा. पांढऱ्या साड्या, झंपर, टॉवेल, आतले कपडेही, साऱ्या डब्यासमोर. बुद्धाची छोटी तसबीर निघाली, तीही टोकानं सरकवली. कामावर नेसायच्या कोऱ्या पांढऱ्या साडीत टोक अडकलं, त्यानं हिसडा दिला आणि टर्रकन साडी फाटली. पोर एकेक कपडा फरशीवर पडताना पाहत होती. तिच्या हनुवटीखालची शीर तेवढी उडत होती.

माळ निघाली नाही.

"कमरेले असंन! रुख्मावहिनी, तुम्ही बाई मानूस, पाहा!"

"मी? मी हात लावू तिले?" रुख्माबाई दोन पावलं मागे सरल्या.

शेवटी मीच पुष्पलतेला आडोशाला नेलं, पाहिलं, आणि काही नाही म्हणून सांगितलं. ती परत येत होती तेव्हा वळणावर गाडी कलली. तोल जाऊन तिनं हात वर फेकला, आणि हाताशी आला तो खुंटीवरचा पितळी तांब्या.

"सोड!" दुलीचंदनं झडप घालून तांब्या काढून घेतला आणि पोटाशी धरला.

"आता पानी बी बाटलं," रुख्माबाईंनी कपाळाला हात लावला. "फेका भाऊजी ते."

"फेकू. फेकू टेसनावर."

किरनापुरला आरडाओरडा ऐकून गार्ड प्रेमलाल आमच्या डब्यात चढला. भला माणूस, पण नोकरीला भिणारा.

"देखिए मेंबर बाई, चोरी का मामला है. लड़की को बालाघाट में पुलिस के हवाले करना पड़ेगा. सामान ऐसे ही पड़ा रहने दो, पुलिस देखेगी."

"पोलीस?" पुष्पलता पहिल्यांदा हादरली. तिनं माझा दंड धरला. "मावशी, पोलिसात नाव गेलं तर मले कोन हजर करून घेईन? माह्या बापानं रोजी करून शिकवलं हो."

बालाघाट यायला हट्टा आणि कनकी एवढी दोनच स्टेशनं होती.

४

मी पदर खोचला आणि विचार करायला लागले. राग आला की लोकांचं डोकं बंद पडतं. माझं चालायला लागतं.

माळ मी गोंदियाला पाहिली होती. मग ती गेली केव्हा? हे कळलं की कोणी नेली तेही कळणार.

मी सरळ जाऊन मैनाबाईंच्या शेजारी बसले. मघापासून एक गोष्ट मला खुपत होती. एवढा दंगा झाला, पण या बाईनं तोंडावरचा पदर काढला नव्हता. गोंदियाला तर तिचं तोंड उघडं होतं.

"काहून हो, तोंड काहून झाकलं?"

"दात दुखून राह्यला," ती पदराआडून म्हणाली.

"पाहू."

"नको व बाई."

मी खिडकीकडे तोंड केल्यासारखं केलं आणि तिचा पदर अलगद खाली ओढला. ओठ लालभडक. जीभ लाल. पदराच्या आतल्या बाजूला पानाच्या पिंकेचा डाग.

विधवेनं विडा खायचा नाही, हा त्यांच्या घरचा नेम. मैनाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"धनी गेले तवापासून पान नाही खाल्लं," ती कुजबुजली. "मले लय आवडे. बाघ नदीचा पूल आला, सारे पैसा टाकाले, हात जोडाले पल्याडच्या खिडकीकडे गेले. मी डबा उघडला अन् एक पान काढलं. कोनाले सांगू नका व."

"तवा माळ होती डब्यात?"

"हौ ना. फडक्यात होती. पान उचलतानी हाताले लागली माह्या."

बाघ नदी म्हणजे बिरसोल्याच्या पुढे, खाराच्या अलीकडे. पुष्पलता तर बिरसोल्याच्या आधीच डब्याच्या दुसऱ्या टोकाला गेली होती! पोर सुटली!

"चला मैनाबाई, हेच गार्डले सांगा."

ती मागे सरकली. "नाही बाई! वहिनी मले घरात नाही राहू देनार. एका पानापाई मी कुठं जाऊ? मेली तरी नाही सांगनार."

घ्या! एकीकडे पोरीची नोकरी आणि दुसरीकडे एका पानाला मोताद केलेली ही बाई. मैनाबाईंचा राग यावा, तर तिचं तोंड पाहून तो येईना. मग साराच्या सारा राग त्या घरावर गेला.

५

नदीनंतर पानडब्याजवळ चौघंच होती. रुख्माबाई डुलक्या घेत होत्या. त्यांनी स्वतःची माळ कशाला चोरावी? मैनाबाईंनी घेतली असती तर "माळ होती" असं कशाला सांगितलं असतं? नाही म्हणाली असती, बला टळली असती. उरले दोघं. मी डोमाजीकडे वळले. तो पायाशी उकिडवा बसला होता, हात आधीच जोडलेले. पोरीनंतर आपलाच नंबर, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"डोमाजी, नदी गेल्यावर तुम्ही उठलेते?"

"नाही जी. म्या तं जागा नाही सोडली."

"खाराले पानी भराले उतरले असान ना?"

"नाही ना. रोज लोटा मीच उचलतो. आज मालक सोताच उतरले. मले म्हने, तू बस, तुह्ये पाय दुखतात." म्हाताऱ्यानं गुडघे चोळले. "एवढे वर्सं झाले बाई, मालकाले माह्ये पाय आजच दिसले."

मी दुलीचंदकडे पाहिलं. त्यानं मघाच आपले खिसे सगळ्यांसमोर उलटे करून दाखवले होते. कोट झटकून दाखवला होता. आता तो कोपऱ्यात बसला होता आणि तांब्या मांडीवर होता.

तेवढ्यात हट्टा आलं. ओरडून ओरडून रुख्माबाईंचा घसा सुकला होता.

"भाऊजी, ते बाटलेलं पानी फेका अन् दुसरं आना. नळ समोरच आहे."

"गाडी सुटंन वहिनी."

"आजून तं इंजिनवाला खाली उभा आहे!"

"बालाघाटले पाहू."

गाडी सुटली. रुख्माबाई कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत बसल्या. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

ज्या माणसानं नुसता पदर लागला म्हणून तुपातल्या पुऱ्या धावत्या गाडीतून फेकल्या, स्टेशन येईपर्यंत दम धरला नाही, तो माणूस बाटलेलं पाणी किरनापूर गेलं तरी फेकत नाही, हट्टा गेलं तरी फेकत नाही. वर उराशी धरून बसतो! ज्यानं पोरीचे कपडे छत्रीच्या टोकानं उचलले, तो तिचा हात लागलेला तांब्या मांडीवर घेऊन बसतो!

मी उठले. घशात अडकलेलं ते वाक्य आता सांगायची वेळ आली होती.

६

कनकी आलं. गार्ड प्रेमलाल पुन्हा डोकावला, तशी मी त्याला आत ओढलं.

"गार्डसाहब, दो मिनट खड़े रहिए. हमको प्यास लगी है." आणि मी दुलीचंदसमोर हात पुढे केला. "भाऊ, पानी द्या."

"बाटलं आहे ते," तो म्हणाला.

"मले चालते."

"तुमच्यासारख्या चांगल्या घरच्या बाईले कसं..."

मी दोन्ही हातांनी तांब्या धरला. तो सोडेना. मीही सोडेना. तशीच धरून मी रुख्माबाईंकडे वळले.

"रुख्माबाई, गोंदियाले तुम्ही मले विडा देल्ला, तवा माह्यी जात नाही विचारली. लुगडं पाहूनच समजल्या. आता सांगतो. मी जिजाबाई, बालाघाटची नगरपालिकेची मेंबर, भरवेलीच्या खदानीतल्या मिस्त्रीची बायको, अन् नागपुरात दीक्षा घेतलेली बौद्ध. तुमच्या हातचा विडा खाऊन बसली आहो. अन् हे पाहा, तुमचा तांब्या दोन हातांनी धरून उभी आहो!"

रुख्माबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी आधी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग जीव खाऊन किंचाळल्या.

"फेका! भाऊजी, फेका ते पानी! आत्ताच्या आत्ता फेका!"

"हौ, फेका ना," मी म्हटलं. "दोनदा बाटलं. पुऱ्या फेकल्या तसंच फेका. खिडकी उघडी आहे."

दुलीचंद फेकेना. डबाभर लोक पाहत होते, भावजय ओरडत होती, धर्म बुडत होता, आणि हा माणूस तांब्याला मिठी मारून बसला होता.

"फेंकते क्यों नहीं, सेठ?" गार्डनं विचारलं.

मी हिसका दिला आणि तांब्या माझ्याकडे आला. फिरकी फिरवली. तोंडावर पंजा धरून तांब्या खिडकीबाहेर उलटा केला. भडभड पाणी गेलं. पंजात पुतळ्यांची माळ उरली.

पण दुलीचंद पक्का निघाला.

"पाहा! पाहा!" तो उसळला. "मघा ह्या पोरीनंच हात लावलता तांब्याले! तिनंच टाकली!"

"फिरकी बसवलेल्या तांब्यात?" मी म्हटलं. "तोल जाता जाता झाकन उघडलं, माळ टाकली, झाकन लावलं? जादूगारीन आहे काय ते?"

"मंग आंधीच टाकली असंन! गोंदियाले डब्याले लागून बसली होती, तवाच काढली!"

"नाही," कोणीतरी म्हणालं.

मैनाबाई उभी राहिली होती. तिनं तोंडावरचा पदर काढला. लाल ओठ साऱ्या डब्यानं पाहिले. रुख्माबाईंनी "अवं माय!" म्हणून तोंडावर हात ठेवला.

"बाघ नदीवर म्या पान चोरलं," मैनाबाई म्हणाली. "तवा माळ डब्यातच होती. ते पोरगी तवा दाराशी बसली होती. नदीच्या बादमे डब्याजवळ तुम्हीच सरकले, दुलीचंददादा. वहिनी झोपल्या होत्या. मले वाटलं, सुपारी घेऊन राह्यले."

"अन् खाराले लोटा बी मालकानंच भरला जी," पायाशी बसलेला डोमाजी म्हणाला. म्हाताऱ्याला उभं राहायचं होतं, पण जमलं नाही. बसल्या बसल्याच बोलला तो.

दुलीचंदनं एकदा सगळ्यांकडे पाहिलं. मग त्याचा आवाज फुटला.

"माह्या मायची माळ आहे ते! दोन भावांची माय होती. भावानं आपल्या एकट्याच्या सुनेले काहून द्याव? माह्या पोरी नाहीत काय? तांब्याले कोनी हात लावत नाही आमच्या, मनून टाकली त्यात!"

"भावाले मागून घ्याची होती," मी म्हटलं. "भावाशी भांडाले हिंमत नाही, अन् दुसऱ्याच्या पोरीले जेलात टाकाले आहे?"

७

तुम्हाला वाटेल, इथं माझा राग शांत झाला असेल. उलट खरा राग आला तो इथं.

रुख्माबाईंनी माळ पदरानं पुसली, कनवटीला लावली आणि गार्डकडे वळून अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "जाऊ द्या साहेब. घरची गोष्ट आहे. भेटली ना माळ? मिटलं."

"मिटलं?" मी म्हटलं. "पोरगी होती तवा पोलीस, अन् दीर निघाला तवा घरची गोष्ट?"

"माल जिसका, शिकायत उसकी, मेंबर बाई," प्रेमलाल पुटपुटला. "ये शिकायत नहीं करेंगी तो हम क्या करें?"

"मंग मी करतो! शिवाशिवीचा कायदा झाला आहे या देशात. पुऱ्या फेकनं, ट्रंक उसकटनं, सारं लिहून देतो ठाण्यात. साक्षीले अख्खा डबा आहे."

रुख्माबाईंचा गोडवा पार उतरला. लग्न तोंडावर, आणि घरच्या दिरावर दोन-दोन भानगडी. त्यांनी हात जोडले. दुलीचंदनं छत्री बाकाखाली सरकवली. आणि तेव्हा पुष्पलता बोलली.

"मावशी, ठान्यात बसली तर माह्यी बैहरची मोटार जाईन." ती त्या दोघांकडे वळली. "मले फक्त माह्यी ट्रंक पाहिजे. जशी होती तशी. ज्यायनं उसकटली त्यायनंच भरून द्या. हातानं."

गाडी बालाघाटात शिरत होती. फरशीवर तिचे कपडे तसेच पसरले होते, मधून लोकांचे पाय गेलेले.

"डोमाजी, भर," रुख्माबाई म्हणाल्या.

"डोमाजीनं नाही उसकटली," पुष्पलता म्हणाली.

गाडी थांबली. माणसं उतरायची थांबली, फलाटावरची खिडक्यांशी गोळा झाली. मी दारात उभी राहिले. माझ्या अंगावरून जायची कोणाची टाप नव्हती. मग रुख्माबाई गुडघ्यावर बसल्या. दुलीचंदही बसला. पहिला टॉवेल त्यानं दोन बोटांनी उचलला.

"घडी करा," पुष्पलता म्हणाली. "नीट. साऱ्या हातानं."

त्यांनी घड्या केल्या. झंपर, साड्या, सारं. बुद्धाची तसबीर रुख्माबाईंनी पदरानं पुसायला घेतली, तर पोरीनं ती स्वतःच उचलून घेतली. मैनाबाई बाकावर बसून पाहत होती. तोंड उघडंच ठेवलं होतं तिनं. उतरताना मी तिला माझ्या वॉर्डाचा पत्ता सांगितला. घरात ठेवलं नाही तर सरळ ये म्हटलं. चार महिन्यांनी आली ती, पण ती गोष्ट वेगळी.

सगळ्यात शेवटी ती कोरी पांढरी साडी राहिली. छत्रीच्या टोकानं फाटलेली. रुख्माबाईंनी घडी केली, फाटलेला भाग आत दडवला आणि साडी तळाशी सारायला लागल्या.

"तशी नाही," पुष्पलता म्हणाली. "फाटलेलं वर येऊ द्या. सगळ्याच्या वर ठेवा."

रुख्माबाईंनी घडी मोडली, पुन्हा घातली. भोक वर आलं. पोरीनं स्वतः झाकण लावलं, कडी घातली, ट्रंक डोक्यावर घेतली.

"रफू करून देतो व पोरी," मी फलाटावर म्हटलं. "अशी कशी नेसशीन?"

"नेसनार आहो मावशी," ती म्हणाली. "उद्या हेच नेसून हजर होईन. कोनी विचारलं, काय झालं, तर सांगता येईन."

मी तिला बैहरच्या मोटारीत बसवून दिलं. येताना स्टेशनावरून गेले, तर मिलवाल्यांची मंडळी टांग्याची वाट पाहत उभी होती आणि रुख्माबाई नळाखाली हात धूत होत्या. घासून घासून धूत होत्या. मी पाहत उभी राहिले, मग जवळ गेले आणि म्हटलं, "धुवा बाई, धुवा. पन विडा तं मी खाऊन गेली."

दुलीचंदची छत्री गाडीतच राहिली होती. ती आणायला कोणी परत गेलं नाही.